फिरती ढाल

शस्त्रांच्या राज्यात ढालीच्या वाट्याला नेहमी उपेक्षाच आली आहे. तलवारीला नाव असते, म्यान असते, मखमली गोंडा असतो. भवानी तलवार म्हटले की शाळकरी पोरालाही स्फुरण चढते. पण त्याच वेळी डाव्या हातात जी ढाल होती तिचे नाव काय, असे कुणी विचारले तर भलेभले इतिहासप्रेमी डोके खाजवू लागतील. वस्तुसंग्रहालयात जावे तर तलवारी काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर आडव्या पहुडलेल्या, आणि गेंड्याच्या कातड्याची, पितळी फुलांची ढाल बिचारी वर भिंतीवर, जुन्या घड्याळासारखी टांगलेली. तिच्यावर जे ओरखडे दिसतात त्या खरे पाहता कुणाला तरी न झालेल्या जखमा आहेत. झालेल्या जखमांचा इतिहास लिहितात. न झालेल्या जखमांची नोंद कोण ठेवणार?

मी सारी उमर एका विमा कंपनीत काढली. म्हणूनही असेल, पण मला या न झालेल्या जखमांविषयी पहिल्यापासून जिव्हाळा आहे. विम्याचा सारा धंदाच न आलेल्या संकटांवर चालतो. हप्ता भरणारा माणूस वर्षाअखेरीस कुरकुरतो, 'यंदाही पैसे फुकट गेले!' म्हणजे घर जळले नाही, याचे त्याला वाईट वाटते. ढालीचे असेच आहे. तिने काम चोख केले की काही घडतच नाही, आणि काही घडलेच नाही तर तिची आठवण कुणाला व्हावी?

आपल्या भाषेने मात्र ढालीकडे चांगले लक्ष दिले आहे. 'ढाल होणे' आणि 'ढाल करणे' या दोन शब्दप्रयोगांत फरक एका क्रियापदाचा आहे. एखाद्याची ढाल होणे यात मोठेपणा आहे, आणि एखाद्याला ढाल करणे यात लबाडी. गंमत अशी, की दूरून पाहणाराला ही दोन्ही दृश्ये अगदी एकसारखी दिसतात. पुढे एक जण उभा असतो, मागे दुसरा असतो. पुढचा आपण होऊन उभा राहिला की मागच्याने त्याला ढकलले, हे जवळ गेल्याखेरीज कळत नाही. कित्येकदा जवळ जाऊनही कळत नाही.

या वयात ढालीचा इतका विचार करण्याचे कारण म्हणजे माझी नात. गेल्या वर्षी सहा महिने मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळ मुलाकडे राहिलो होतो. नात पंधरा वर्षांची. मला ती 'तू' म्हणते. तिथे 'तुम्ही' तिला कोण शिकवणार? पण त्या 'तू'मध्येही माया असते. दर शनिवारी संध्याकाळी तिचे पाच मित्रमैत्रिणी घरी येत आणि तळघरातल्या मोठ्या टेबलाभोवती बसून रात्री दहापर्यंत एक खेळ खेळत. मला वाटले पत्ते असतील. डोकावून पाहिले तर टेबलावर चौकटी आखलेला कागद, बोटाएवढ्या बाहुल्या आणि चित्रविचित्र फासे. एक मुलगा पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्ट सांगत होता आणि बाकीचे त्या गोष्टीत राहत होते.

या खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. जो गोष्ट सांगतो त्याला ते डन्जन मास्टर म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणू लागलो, आणि नातीला तो शब्द इतका आवडला की तिच्या अमेरिकन मित्रांनीही तो वाकड्यातिकड्या उच्चारांनी उचलला. सूत्रधार म्हणतो, 'तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी आला आहात, आतून धूर येतो आहे.' मग प्रत्येकाने आपले पात्र काय करील ते सांगायचे. ते साधेल की फसेल हे वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचे. आपल्या सारीपाटात दान पडते तसेच. फरक एवढाच, की इथे सोंगटीला नावगाव असते, स्वभाव असतो, आणि ती मेली तर तिच्यासाठी रडणारी माणसेही असतात.

चौकशी करता करता मला एक गोष्ट कळली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. हा खेळ रचणाऱ्या दोघांपैकी एक गॅरी गायगॅक्स हा माझ्याच धंद्यातला! शिकागोच्या एका विमा कंपनीत तो जोखमीचा अंदाज बांधण्याचे काम करीत असे. १९७० साली ती नोकरी गेली. मग लेक जिनीव्हा नावाच्या गावी घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून त्याने संसार ओढला. मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन त्याला येऊन मिळाला आणि १९७४ साली तीन लहान पुस्तिका एका खोक्यात घालून त्यांनी हा खेळ बाजारात आणला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. आज तो जगभर खेळतात. गायगॅक्स २००८ साली वारला, आर्नेसन पुढच्या वर्षी. ज्या माणसाने दिवसभर लोकांच्या घराला आग लागण्याची शक्यता मोजली, त्याने रात्री राक्षसाचा घाव लागण्याची शक्यता मोजली, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. हिशेब एकच आहे.

तो हिशेब नातीने मला शिकवला. समजा, शत्रूला तुमच्यावर घाव घालायला फाशावर अकरा किंवा अधिक पडायला हवे. वीसपैकी दहा दाने त्याची, दहा तुमची. आता तुम्ही साधी ढाल उचलली. आजच्या नियमांत तिचे मोल दोन गुण. म्हणजे शत्रूला तेरा लागणार. त्याची आठ दाने, तुमची बारा. सगळी ढाल म्हणजे एवढेच! वीसातली दोन दाने. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एक हात अडकवून घ्यायचा? हो, हातही अडकतो. दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार मग उचलता येत नाही. शिवाय फाशावर वीस पडले, की ढाल साधी असो वा जादूची, घाव बसतोच. हा नियम मला फार खरा वाटला. आमच्या कंपनीच्या पॉलिसीत शेवटी बारीक टाइपात असलेच काहीतरी छापलेले असे.

अभेद्य ढालीच्या गोष्टी जगाने पुष्कळ सांगितल्या, पण त्या सगळ्यांत कुठेतरी हेच वीसाचे दान लपलेले आहे. होमरच्या 'इलियड'मध्ये अकिलीजची आई प्रत्यक्ष देवांच्या लोहाराकडून त्याच्यासाठी ढाल घडवून घेते. तिच्यावर काय कोरलेले आहे? नांगरणी, कापणी, द्राक्षांचा मळा, लग्नाची वरात, नाचणारी पोरे. वाचताना वाटते, लढाईच्या वस्तूवर हे कशाला? मग ध्यानात येते, की ज्यासाठी ढाल धरायची तेच तिच्यावर काढले आहे. एवढी ढाल असूनही अकिलीज वाचला नाही. आपल्या कर्णाला तर कवच जन्मतःच अंगाला चिकटून आलेले. ते इंद्राने ब्राह्मणाचे सोंग घेऊन मागून नेले, आणि देणाऱ्याला फसवणूक ठाऊक असूनही त्याने दिले. पूर्ण संरक्षण मिळालेला माणूस गोष्टीला चालत नाही, आणि बहुधा देवांनाही चालत नाही.

या खेळातल्या मंडळींनी हे ओळखलेले आहे. त्यांच्या ग्रंथांत जादूच्या ढालींची लांबलचक यादी आहे. एक ढाल हातातून सुटून स्वतःच हवेत तरंगत तुमचे रक्षण करते. एकीत नरकातला एक सैतानच कोंडलेला आहे. तो धरणाऱ्याला वाचवतो आणि वाचवता वाचवता कानाशी कुजबुजतो. परंतु माझ्या नातीच्या वाट्याला जी आली ती या सर्वांहून निराळी होती.

नातीचे पात्र म्हणजे एक बुटकी, दाढीवाल्या कुळातली योद्धी. स्वतः पोरगी बापाच्या खांद्याला लागलेली, म्हणून बहुधा तिने बुटकी निवडली असावी. एका पडक्या देवळात तिला एक सुंदर ढाल सापडली. जादूच्या वस्तूशी तासभर शांत बसून सूत जुळवावे लागते, तसे तिने जुळवले. ढालीचा गुण असा, की बाण, गोफण, फेकलेला भाला, असल्या दूरून येणाऱ्या शस्त्रांची इजा निम्मीच व्हायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या लढाईत सूत्रधाराने तिला हळूच उरलेला नियम सांगितला. ती ढाल शापित होती. धरणाऱ्याच्या दहा फुटांच्या आत कुणावरही दूरून शस्त्र सुटले, तर ते वळून धरणाऱ्यावरच येते. आणि हातातून ढाल खाली ठेवली तरी शाप सुटत नाही.

मी वाटेवरच्या पायरीवर बसून ऐकत होतो. सगळी पोरे हळहळली. पण माझी नात क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी तुमच्या मध्ये उभी राहिले तर तुम्हाला एकही बाण लागणार नाही?" सूत्रधार म्हणाला, "नियमाप्रमाणे, नाही." "मग हा शाप कसला?" असे म्हणून तिने आपली बाहुली उचलली आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

मला एकदम आक्का आठवली.

आमचे वडील १९५७ साली गेले तेव्हा आक्का सव्वीस वर्षांची होती आणि तिच्या पाठची आम्ही चार. मी बारा वर्षांचा, सर्वांत धाकटा. नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या, प्रत्येक दहा बाय दहाची. आता हिशेब करतो तेव्हा वाटते, त्या खोलीत आक्का कुठेही उभी राहिली तरी आम्ही सगळे तिच्या टप्प्यात असू. ती शाळेत शिक्षिका झाली. घरमालकाचा माणूस भाड्याला आला की तीच दारात. काका-आत्यांचे टोमणे, म्हणजे दूरून सोडलेले बाणच, नेमके तिच्याकडे वळत. मधल्या भावाने कॉलेज सोडून नाटकात काम धरले, तर काका म्हणाले, 'आक्कानेच फूस दिली.' धाकट्या बहिणीने आपले आपण लग्न ठरवले, तर 'आक्काचेच वळण!' १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि आमच्या खोल्यांतले होते नव्हते ते नदीत गेले. तेव्हाही एक नातलग समाचाराला येऊन म्हणाला, "भांडी तरी आधी माळ्यावर टाकायची, आक्का!" आक्का म्हणाली, "चुकलेच." पुराच्या पाण्यापुढे माळासुद्धा टिकला नव्हता, हे तिने त्याला सांगितले नाही. वाड्यातल्या बायका तिला पाठीमागे ढालगज भवानी म्हणत. जुन्या फौजेत ढाल म्हणजे मोठे निशाण, आणि ते वाहणारा तो ढालगज. त्या शब्दाने त्यांना आक्काचा दांडगेपणा सुचवायचा असे. पण निशाणाच्या हत्तीवर शत्रूचा नेम आधी धरला जातो, हे त्या शब्दात आपोआप आलेच.

१९८९ साली आक्का शाळेतून निवृत्त झाली आणि सर्वांना चकित करून वाईला एक खोली घेऊन एकटी राहायला गेली. "आता पुरे," एवढेच म्हणाली. पण ढाल खाली ठेवल्याने शाप सुटत नाही. बाण टपालाने जाऊ लागले. या भावाची त्या भावाबद्दल तक्रार, त्या सुनेची या सासूबद्दल. सगळी इनलँड पत्रे वाईला. आक्काने त्यावर तोड काढली होती. आलेले पत्र ती न फोडता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकी आणि रविवारी दुपारचा चहा झाला की सगळी एकदम वाची. मी एकदा विचारले, "तातडीचे काही असले तर?" ती म्हणाली, "रविवारपर्यंत निम्मी भांडणे मिटलेली असतात. उरलेल्या निम्म्यांचेच मला लागते." इजा निम्मी! तिच्या ढालीतही तो गुण होता तर. २००८ साली ती गेली. डबा माझ्याकडे आहे.

त्यामुळे नातीने ती बाहुली मधोमध ठेवली तेव्हा मला तिचे कौतुक वाटले आणि भीतीही वाटली. भीती खेळापुरती नव्हती. त्या वसंतात माझ्या मुलाची नोकरी गेली होती. घर मोठे, हप्ते मोठे, आणि सून एकटी कमावती. भांडणे होत नसत, पण जेवणाच्या टेबलावर एखादे वाक्य सुटे. "बिल भरायचे कुणाच्या लक्षात होते?" असले साधे वाक्य, पण टोक असलेले. आणि मी पाहत होतो, की ते वाक्य सुटले रे सुटले की नात पाण्याचा पेला सांडी, किंवा गणितात किती कमी गुण पडले ते एकाएकी जाहीर करी. मग दोघेही तिच्यावर घसरत. तिच्यावर घसरताना का होईना, दोघे एका बाजूला येत. ती मान खाली घालून जेवे. टेबल सहा फुटांचे. सगळे टप्प्यात.

पंधरा वर्षांच्या मुलीला मी काय सांगायचे? 'असे करू नकोस' म्हणावे तर ती जे करते ते वाईट नाही. 'शाबास' म्हणावे तर आक्का डोळ्यांपुढे उभी राहते. ढाल होणे आणि ढाल करणे यांतला फरक मला तिथेही, इतक्या जवळून, ठरवता येईना.

तो सोडवला त्या पोरांनी. तीन-चार शनिवार असेच गेले. दर लढाईत बुटकी योद्धी बाणांनी चाळण होऊन पडे, आणि तिला उठवण्यात बाकीच्यांचा वेळ जाई. एका शनिवारी पुजाऱ्याचे पात्र घेणारा मुलगा, जो एरवी तोंडातून शब्द काढत नसे, म्हणाला, "मला आता शापमोचनाचा मंत्र येतो. तुझी ढाल सोडवू?" नात म्हणाली, "नको. मग बाण तुम्हाला लागतील." तो म्हणाला, "लागू देत की! दर वेळी तूच पडतेस. आम्हाला यात काही मजा नाही."

मग नियमांचा खल झाला. आपल्या पुराणांतल्या उःशापाने शाप संपतो. यांच्या मंत्राने माणूस तेवढा सुटतो, वस्तूचा शाप वस्तूतच राहतो. म्हणजे ढाल टाकून द्यावी, किंवा दुसऱ्या कुणीतरी तासभर सूत जुळवून ती घ्यावी. हे वाक्य सूत्रधाराच्या तोंडून निघाले आणि एकदम सगळी पोरे बोलू लागली. जंगलात वाढलेल्या शिकारणीचे पात्र घेणारी मुलगी म्हणाली, "उद्या मी घेते." पुजारी म्हणाला, "परवा मी." जादूगाराला ढाल पेलत नाही, ती हातात असली तर त्याला मंत्रच म्हणता येत नाहीत. तो ओशाळून म्हणाला, "मी निदान ज्याची पाळी असेल त्याचे ओझे उचलीन." पुजाऱ्याचा एक मोठा मंत्र रोज यात खर्ची पडणार होता, तो त्याने आनंदाने सोडला. कागदावर पाळीचे वेळापत्रक लिहिले गेले. शाळांच्या स्पर्धांत फिरती ढाल असते ना, जी एका वर्षी या शाळेच्या कपाटात तर पुढल्या वर्षी त्या शाळेच्या, तशी ती शापित ढाल त्या रात्रीपासून फिरती झाली.

मी जिन्यात बसून मनाशी म्हणालो, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत इतकी हुशार माणसे वाढली, पण हे वेळापत्रक त्या काळी कुठल्याच घरात कुणाला सुचत नव्हते. शापित ढाल ज्याच्या हाती पडे, ती त्याचीच.

दोन-तीन दिवसांनी रात्री जेवताना सुनेने मुलाला काहीतरी विचारले आणि त्याच्या कपाळावर ती ओळखीची आठी चढली. नातीचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला. मी तिच्याआधी बोललो, "आमटी अळणी आहे. आणि या देशात कढीपत्ता तरी बरा मिळतो का?" आमटी मीच केली होती. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्हीच मीठ विसरलात आणि वर बोलताय!" सूनही म्हणाली, "मी विचारले होते तुम्हाला." दोघांनी मिळून माझी चांगली हजेरी घेतली. नातीने पेला सोडला. माझ्याकडे नीट पाहून ती हळूच म्हणाली, "आजोबा, तू एक तास बसला होतास का?"

सप्टेंबरात माझा परतीचा दिवस जवळ आला. त्याआधीच्या रविवारी मुलगा मला लेक जिनीव्हाला घेऊन गेला. तासाभराचाच रस्ता. तळ्याकाठी शिकागोच्या श्रीमंतांच्या जुन्या हवेल्या आहेत, बोटी आहेत, आइस्क्रीमची दुकाने आहेत. काठाने चालताना मी त्याला गायगॅक्सची गोष्ट सांगितली, नोकरी गेल्याची आणि जोडे शिवल्याची. मग त्याच्या मुलीच्या ढालीची सांगितली, सगळ्या नियमांसकट. दहा फुटांचा नियम, सूत जुळवण्याचा नियम, पाळीचा कागद. जेवणाच्या टेबलाचा उल्लेख मी केला नाही. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत चालला. मग त्याने विचारले, "त्या कागदावर नावे किती आहेत?"

"सध्या तीन," मी म्हणालो. "पण एक जण पुढच्या आठवड्यात पुण्याला जातो आहे."

तो काही बोलला नाही. चालता चालता त्याने माझ्या खांद्यावरची पिशवी मात्र काढून घेतली आणि आपल्या खांद्याला लावली.